दोन पुरुषांच्या प्रेमकथा, बायकांनी बायकांसाठी लिहिलेल्या: इथे कोणी वाचतं का?

सोनटक्का
बराच विचार करून धागा काढतेय, म्हणून आधीच सांगते: विषय झेपणार नसेल तर शेजारी अळूच्या फदफद्याचा धागा जोरात चालू आहे, तिकडे जा.

तर मी पुण्यात रविवारी जपानीच्या वर्गाला जाते. डिसेंबरात जपानीची एन-टू परीक्षा द्यायची आहे. सेन्सेईंनी, म्हणजे आमच्या बाईंनी, फर्मान काढलंय की प्रत्येकाने एक जपानी पुस्तक वाचून त्यावर पाच मिनिटं जपानीतून बोलायचं. एकीने मांजराचं पुस्तक घेतलं, दुसऱ्याने कॉफीच्या दुकानाचं, तिसरीने दुकानातल्या मांजराचं. आणि मी गेली तीन वर्षं वाचतेय ते बीएल, म्हणजे 'बॉइज लव्ह'. ज्याला आपल्याकडे अजून 'याओई' म्हणतात तेच. दोन पुरुषांची प्रेमकथा, लिहिणारी बाई, वाचणाऱ्याही बायकाच. खिशात मावेल एवढी पुस्तकं, मध्ये पाच-सहा चित्रं, शेवटी लेखिकेचं चार पानी मनोगत (त्यात ती डेडलाइन चुकवल्याबद्दल संपादिकेची माफी मागते. हे मला फार आवडतं).

वय ४१. नवरा आहे, मुलगा दहावीत आहे. नवऱ्याला एवढंच माहीत आहे की बायको जपानी वाचते, आणि त्याचं त्याला कौतुक आहे.

वर्गात यावर बोलू का? आणि खरं म्हणजे मला हे इतकं का आवडतं तेच मला नीट सांगता येत नाही. स्त्री-पुरुषांची प्रेमकथा हातात घेतली की विसाव्या पानाला माझा जीव कंटाळतो. तुमचं काय?

पेठेतला_बोका
रुमाल टाकून ठेवतो. मांजरांच्या पुस्तकांची यादी मिळेल का?

तिरफळ
याओई म्हणजे नक्की काय गो? आमच्या मडगावात हा शब्द अजून पोचलेला नाही.

निशिकासाईची_सून
माझ्या आवडीचा धागा! अकरा वर्षं तोक्योत राहतेय, तेव्हा थोडं लांबण लावते.

तिरफळ, 'यामा नाशी, ओची नाशी, इमी नाशी' या तीन शब्दांची आद्याक्षरं म्हणजे याओई. ना चढ, ना शेवट, ना अर्थ. १९७० च्या दशकाच्या अखेरीस साकाता यासुको आणि तिच्या मैत्रिणींच्या हौशी मंडळात हा शब्द स्वतःचीच टिंगल म्हणून निघाला. मला गोष्ट-बिष्ट काही सांगायची नाही, फक्त हे दोघे एकत्र आलेले दाखवायचेत, असा सूर. आता जपानात छापील कादंबऱ्यांना सगळे बीएलच म्हणतात. याओई म्हटलं की हौशी लोकांनी दुसऱ्याची पात्रं उचलून केलेल्या पुस्तिका डोळ्यांपुढे येतात.

पण मूळ त्याहून जुनं आहे. १९६१ साली मोरी मारी नावाच्या बाईने 'कोइबितोताची नो मोरी' म्हणजे 'प्रेमिकांचं रान' लिहिलं. श्रीमंत प्रौढ पुरुष आणि देखणा पोरगा. मारीचे वडील मोरी ओगाई, म्हणजे जपानी साहित्यातलं वजनदार नाव, लष्करात डॉक्टर. वडिलांच्या अतोनात लाडात वाढलेली, दोनदा घटस्फोट झालेली ही बाई हे लिहिलं तेव्हा ५८ वर्षांची होती. गंमत म्हणजे वडिलांचीही एक कादंबरी १९०९ मध्ये सरकारने अश्लील म्हणून बंद केली होती. घराण्याचा वारसा म्हणायचा!

मग हागिओ मोतो, ताकेमिया केइको या चित्रकथावाल्या आल्या. १९७८ मध्ये 'जून' मासिक निघालं, १९८२ मध्ये त्याचं कादंबऱ्यांसाठी वेगळं भावंड. 'जून'मध्ये कुरिमोतो काओरु 'कादंबरीची तालीम' नावाचं सदर चालवायची. वाचक पोरींनी कथा पाठवायच्या आणि तिने त्या छापील पानावर सोलून काढायच्या. आजच्या कितीतरी लेखिका त्या तालमीतल्या.

खोचक_खारूताई
ना चढ, ना शेवट, ना अर्थ. आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेला एका शब्दात बसवल्याबद्दल आभार.

अनुस्वार
जपानात यात नवीन ते काय? इहारा साइकाकूचा पुरुषप्रेमाच्या कथांचा संग्रह १६८७ चा आहे. सामुराई, काबुकीतली पोरं, सगळं आहे त्यात. बायकांनी शोध लावला वगैरे जरा अतीच होतंय.

निशिकासाईची_सून
अनुस्वार, शोध लावला असं कोण म्हणालं? साइकाकू पुरुष होता आणि पुरुषांसाठी लिहीत होता. इथे मुद्दा लेखणी कोणाच्या हातात आणि पुस्तक कोणाच्या उशाशी हा आहे. लावण्या शाहिरांनी रचल्या, ओव्या जात्यावरच्या बायकांनी. विषय एक असेल, पण दोन्हीत तीच बाई दिसते का?

अनुस्वार
बरं. मुद्दा पोचला.

पेठेतला_बोका
अनुस्वार यांनी मुद्दा पोचल्याचं मान्य केलं! प्रशासक, हा प्रतिसाद मढवून ठेवा.

गिरगावची_आजी
मुलीने तुमचा धागा दाखवला. माझं वय ६६. तिच्याकडून इंग्रजीत भाषांतर झालेली अशी पाच-सहा पुस्तकं मी वाचलीत. पहिलं वाचलं तेव्हा 'हे काय आणून दिलंस' म्हटलं आणि रात्री दीडला संपवलं.

आमच्या वेळी वाचनालयातून कादंबरी आणली की आधी वर्तमानपत्राचं कव्हर घालायचं, मग वाचायची. सासूबाईंना वाटे व्रतकथा. पण त्या सगळ्या कादंबऱ्यांत एक गोष्ट ठरलेली: शेवटी लग्न. आणि पुस्तक मिटलं की मला पुढचं दिसायचं. ती आता पहाटे पाचला उठणार, सासऱ्यांचा चहा, डबे, पाणी जायच्या आत धुणं. लेखकाला नाही दिसायचं, मला दिसायचं. या पुस्तकांत पुढचं काही दिसत नाही. दोघेही दमून घरी येतात. एक जण ऑम्लेट घातलेला तो लाल भात करतो, दुसरा न सांगता उठून भांडी घासतो. ते भांडी घासण्याचं अर्धं पान मी तीनदा वाचलं. बाकीचा चावटपणा एकदाच वाचला. (बरं, दोनदा.)

सोनटक्का
आजी, साष्टांग दंडवत!! माझ्या दुसऱ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर हेच असावं. त्या गोष्टीत मी कुठेच नसते. ती नायिका माझ्यापेक्षा बारीक का, तिने नोकरी का सोडली, हे हिशेब करावे लागत नाहीत.

खोचक_खारूताई
आजींचा प्रतिसाद गोड आहे, पण थोडं मीठ टाकते. तो भात दरवेळी कोण करतो ते बघितलंत का? 'उके'च करतो. म्हणजे जो बुटका, मोठ्या डोळ्यांचा, चटकन लाजणारा. 'सेमे' उंच, कंपनीत वरच्या हुद्द्यावर, सिगरेट ओढत गॅलरीत उभा. मिशी काढलेली गृहिणीच ती! कित्येक कादंबऱ्यांत बायकोला पँट घालून उभं केलंय आणि आपण क्रांती झाली म्हणून टाळ्या पिटतोय.

तिरफळ
सेमे-उके म्हणजे फलंदाज-गोलंदाज?

निशिकासाईची_सून
जवळपास. सेमेरु म्हणजे चाल करणं, उकेरु म्हणजे झेलणं. कुस्ती-कराटेतले शब्द. वाचकांमध्ये सेमेचं नाव आधी घ्यायचा दंडक आहे. नावांची अदलाबदल केलीत तर मैत्री तुटते, मी पाहिलंय.

पेठेतला_बोका
यात काय कळत नाही, तिरफळ? पोळीभाजी म्हणतात, भाजीपोळी म्हणून मागून बघा कुठल्याही खानावळीत.

रंकाळ्याकाठी
बराच वेळ नुसता वाचत होतो. मी गे आहे, कोल्हापूरचा, वय ३४. एक पुरुष बोलला तर चालेल ना या बायकांच्या धाग्यावर?

कॉलेजात असताना योशिहारा रिएकोचं 'आइ नो कुसाबी' इंग्रजीत मिळालं. नाव ऐकून घरी सगळ्यांना वाटलं, आईवरचं काहीतरी संस्कारी पुस्तक असणार. आई कौतुकाने म्हणाली, 'मला पण वाचून दाखव.' आत काय, तर भविष्यातलं शहर, वर सोनेरी केसांचे सत्ताधीश, खाली झोपडपट्टी, आणि त्यातल्या एका पोराला पाळीव प्राण्यासारखं ठेवून घेतलेलं. आईला सांगितलं, जपानी लई अवघड आहे.

मला त्या वयात दोन पुरुष एकमेकांसाठी जीव टाकताना छापील अक्षरांत पहिल्यांदा दिसले. त्याचं ऋण आहेच. पण दोन गोष्टी खटकतात. एक, जुन्या पुस्तकांत बळजबरीलाच प्रेम म्हणतात. 'नको' म्हणजे 'हो', हे बाईच्या बाबतीत लिहिलं तर तुम्हीच इथे शंभर प्रतिसादांचा धागा काढाल. दुसरं, 'मी गे नाही, मला फक्त तूच आवडतोस' हे वाक्य. अरे, मग मी कोण? गोष्टीत ना कोणाला घर भाड्याने मिळायची अडचण, ना कोणाचा मामा स्थळ घेऊन येत. ६ सप्टेंबर २०१८ ला कलम ३७७ चा निकाल लागला त्या दिवशी मी ऑफिसच्या जिन्यात जाऊन रडलो. या पुस्तकांतल्या हिरोंना रडायला पाऊस लागतो, नाहीतर विमानतळ.

सोनटक्का
रंकाळ्याकाठी, धागा सगळ्यांचा आहे. आणि दुसरा मुद्दा लागला मला. आजीच्या प्रतिसादावर मी लिहिलं की त्या गोष्टीत मी कुठेच नसते म्हणून बरं वाटतं. त्यात तूही नसतोस हे डोक्यातच आलं नाही.

निशिकासाईची_सून
हा वाद जपानात होऊन गेलाय. १९९२ मध्ये सातो मासाकी या गे कार्यकर्त्याने एका छोट्या स्त्रीवादी अंकात सरळ लिहिलं की याओईवाल्या बायका आमच्या जगण्याचं खेळणं करतात. त्यावर काही वर्षं उत्तर-प्रत्युत्तरं चालली, 'याओई वाद' म्हणूनच ती ओळखली जातात. काही जणी चिडल्या, काही जणींनी तेव्हापासून वेगळं लिहायचा प्रयत्न केला. आता ऑफिसात कळलं तर काय, घरच्यांना कसं सांगायचं, हे असलेल्या कादंबऱ्या बऱ्याच दिसतात. 'मी गे नाही' हे वाक्य मात्र अजून जिवंत आहे, कालच एका नव्या पुस्तकात भेटलं.

कुरकुरीत_भजी
सगळं वाचलं. बायकांनी लिहिलेली अश्लील पुस्तकं, इतकंच ना? त्याला एवढा मुलामा कशाला? उद्या ही वाचनालयात ठेवा म्हणाल.

गिरगावची_आजी
भजी, ऐका. १९६२ च्या 'रंभा' दिवाळी अंकात चंद्रकांत काकोडकरांची 'शामा' छापून आली. अश्लील म्हणून खटला झाला, शिक्षाही झाली, ते थेट सुप्रीम कोर्टात गेले आणि १९६९ मध्ये सुटले. तोवर त्या अंकाला हात न लावलेलं गिरगावात कोणी उरलं नव्हतं. आमच्या चाळीत तर हात लावून पानं सुटी झाली होती.

निशिकासाईची_सून
आणि वाचनालयाचं म्हणाल तर २००८ मध्ये ओसाकाजवळच्या साकाई शहरात नेमकं हेच झालं. 'ही पुस्तकं का ठेवता' अशी तक्रार आली आणि नगर वाचनालयाने बीएलची ५,४९९ पुस्तकं उघड्या कपाटांतून काढून आत ठेवली. मग उलट्या बाजूने विरोध झाला आणि तो निर्णय मागे घ्यावा लागला. मला यातला आकडाच आवडतो. तेवढी पुस्तकं मुळात विकत घेतली होती ना कोणीतरी!

तिरफळ
५,४९९! आमच्या गावच्या वाचनालयात एकूण नसतील.

चकलीचा_काटा
मी लॉकडाउनमध्ये थाई मालिकांतून इकडे आले, मग चिनी 'दानमेई' कादंबऱ्या, मग जपानी. तीन देशांत फरक जाणवतो. चिनीत हजार पानं, देव, तलवारी, पुनर्जन्म. जपानीत अडीचशे पानांत दोन माणसं आणि एक भाड्याची खोली. पण चीनमध्ये लिहिणंच धोक्याचं. २०१८ मध्ये एका लेखिकेला अशाच कादंबरीपायी साडेदहा वर्षांची शिक्षा सुनावली. ते वाचल्यावर मी आठवडाभर काही उघडलंच नाही.

सोनटक्का, वर्गासाठी नागिरा यू घे ना. दहा वर्षांहून जास्त बीएलच लिहिलं तिने, 'उत्सुकुशी कारे'वर मालिका निघाली, आणि २०२० मध्ये दुसऱ्या एका कादंबरीला जपानी पुस्तकविक्रेत्यांचं पारितोषिक मिळालं. २०२३ मध्ये पुन्हा. सेन्सेईंपुढे पारितोषिकाचं नाव टाकलं की काम झालं.

अनुस्वार
अवांतर: पुरुषाच्या देहात बायकांना हवं ते सापडणं आपल्याला नवीन नाही. बालगंधर्वांचं लुगडं नेसणं, गजरा माळणं बघून घरोघरच्या बायका तसं करू लागल्या. जपानात उलट, ताकाराझुका नाटक मंडळीत १९१४ पासून सगळी पुरुषपात्रं बायकाच करतात आणि समोर बायकाच जीव ओवाळून टाकतात.

खोचक_खारूताई
अनुस्वार, आज झालंय काय तुम्हाला? पटलं.

निशिकासाईची_सून
शनिवारी इकेबुकुरोला गेले होते, सोनटक्कासाठी मुद्दाम बघून आले. सनशाइन सिटीच्या समोरचा तो रस्ता, ज्याला ओतोमे रोड म्हणतात. एका दुकानात जिन्याजवळची पूर्ण भिंत बीएल कादंबऱ्यांची. आधी प्रकाशनाच्या मालिकेप्रमाणे कप्पे, त्यात लेखिकेच्या नावाप्रमाणे. माझ्या बाजूला एक साठीच्या बाई, हातात भाजीची पिशवी, त्यातून कांद्याची पात बाहेर आलेली. त्या एकेक पुस्तक काढून फक्त शेवटचं मनोगत वाचत होत्या आणि परत ठेवत होत्या. चार घेतली. गल्ल्यावरच्या पोरीने विचारलं, 'कव्हर घालू का?' (इथे पुस्तकाला दुकानातच फुकट कागदी कव्हर घालून देतात, कुठलंही पुस्तक असो.) बाई म्हणाल्या, 'नको, घरीच जातेय.'

आजी, तुमची आठवण आली.

गिरगावची_आजी
🙏 पात चिरली का विचारायचं होतंस.

सोनटक्का
सगळ्यांचं वाचून शेवटी कोनोहारा नारिसेचं 'हाको नो नाका' ठरवलं. म्हणजे 'पेटीच्या आत'. २००६ मध्ये बीएल म्हणून आलं आणि २०१२ मध्ये कोदान्शाने सर्वसाधारण वाचकांच्या मालिकेत पुन्हा काढलं. आगगाडीत छेड काढल्याचा खोटा आरोप आलेला एक सरकारी नोकर तुरुंगात जातो, तिथे त्याच्या कोठडीत खुनाची शिक्षा भोगणारा एक जण असतो. यात लाजणारा बुटका नाही, गॅलरीतली सिगरेट नाही. रंकाळ्याकाठी, तुला हे कदाचित चालेल.

पण अडचण वेगळीच आहे. एका गोष्टीवर बोलायचंय मला आणि ती सांगता येत नाहीये. या कादंबऱ्यांत दोघे शेकडो पानं एकमेकांना आडनावाने हाक मारतात. अमुक-सान, तमुक-सान. पार अंगाला अंग लागलं तरी सान. आणि मग कुठेतरी एक जण दुसऱ्याचं नुसतं नाव घेतो, पुढे काही न लावता. बस. माझ्या हातातलं पुस्तक तिथे खाली येतं. इंग्रजी भाषांतरात तो क्षण चक्क वाहून जातो, कारण तिथे पहिल्या पानापासूनच नाव चाललेलं असतं.

गिरगावची_आजी
अगं, मग यात अवघड काय? आम्ही उखाण्यात का लाजायचो? यमकाला थोडंच! आमच्या ह्यांना मी चव्वेचाळीस वर्षं 'अहो' म्हटलं. नाव घेतलं ते लग्नात, डोहाळजेवणात, आणि एकदा दवाखान्यात फॉर्म भरताना. नर्सने विचारलं, 'पेशंटचं नाव?' आणि माझ्या तोंडून ते बाहेरच येईना. ती पोरगी वैतागली. तिला वाटलं म्हातारी गोंधळलीय.

रंकाळ्याकाठी
आजी 🙂 आमचं उलट. आम्ही दोघं घरी 'अरे-तुरे', आणि चारचौघांत 'सर' म्हणतो एकमेकांना. एकाच ऑफिसात आहोत ना. परवा मीटिंगमध्ये त्याच्या तोंडून चुकून नाव निघालं. कोणाच्या लक्षातही आलं नाही, पण आम्ही दोघं दहा मिनिटं पाण्याच्या बाटलीकडे बघत बसलो.

चकलीचा_काटा
रंकाळ्याकाठी, यावर कादंबरी लिही, नाहीतर मी लिहीन.

खोचक_खारूताई
सेमे कोण, उके कोण हे मी विचारणार नाही. भात कोण करतं ते सांग.

रंकाळ्याकाठी
मेस.

पेठेतला_बोका
तीन आठवडे झाले, धागा वर काढतोय. सोनटक्का, बोललात का वर्गात? की शेवटी मांजरच?

सोनटक्का
बोलले! कालच.

दोन रात्री आरशासमोर तयारी केली. सुरुवात बरी झाली. दोघांची ओळख करून दिली, तुरुंग सांगितला. मग म्हटलं, 'त्याला तो आवडू लागतो.' जपानीत दोन्हीकडे 'कारे'. सेन्सेईंनी लगेच पेन वर करून थांबवलं, 'कानोजो, देसु ने?' म्हणजे 'ती' म्हणायचंय ना? त्यांना वाटलं, माझं सर्वनाम चुकलं. मी म्हटलं, 'इइए, कारे देसु.' नाही, 'तो'च. वर्गात पंखा तेवढा ऐकू येत होता. सेन्सेईंनी वहीत आधीच माझी चूक म्हणून फुली मारली होती, ती खोडली आणि म्हणाल्या, 'दोझो.' चालू द्या.

मग उखाणा सांगितला. उखाण्याला जपानीत शब्दच नाही, त्यामुळे नवरीने ओळीत नाव गुंफून घ्यायचं वगैरे समजावण्यात दीड मिनिट गेलं. पण शेवटच्या बाकावरचे गाड्यांच्या कंपनीतले काका, जे कधी मान वर करत नाहीत, ते मान हलवत होते. नंतर चहाच्या टपरीवर मला म्हणाले, 'आमची ही अजून नाव घेत नाही हो.' एवढंच.

घरी येऊन नवऱ्याला पुस्तक कशाचं आहे ते सांगितलं. तो म्हणाला, 'मग शेवटी सुटतो का तो तुरुंगातून?' आता रोज जेवताना दहा पानं मराठीत सांगावी लागतायत.

कुरकुरीत_भजी
सुटतो का?

सोनटक्का
भजी, वाचनालयात मागा.

खोचक_खारूताई
मार्क किती ते राहिलं.

सोनटक्का
दहात सात. वेळ जास्त घेतला म्हणून दोन गेले, एक 'वा' आणि 'गा' या प्रत्ययांच्या गोंधळात.